कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा: एजंटने आई-बाबांच्या नावावर काय काय भरलं

नाशिकमध्ये ज्यांची मुलं परदेशात आहेत आणि जे त्यांच्याकडे जायची तयारी करताहेत, त्यांनी हे कृपया शेवटपर्यंत वाचावं. माझ्या आई-बाबांचा कॅनडाचा व्हिसा नुसता नाकारला गेला नाही, दोघांवर पाच वर्षांची बंदी आली. या दोन गोष्टींत फार मोठा फरक आहे. नुसता नाकारला तर कागदपत्रं सुधारून पुन्हा अर्ज करता येतो. खोटी माहिती दिल्याचा शिक्का बसला की पाच वर्षं दार बंद. शिवाय पुढे ब्रिटनसारख्या देशाचा फॉर्म भरतानाही व्हिसा नाकारल्याचं खरं खरं सांगावं लागतं.

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले. पेन्शन चालू आहे, जेलरोडला स्वतःचा फ्लॅट आहे, थोड्याफार एफडी आहेत. आई घरी मशीनवर ओळखीच्या बायकांचे ब्लाउज शिवते. भाऊ ओंटारिओत आहे, त्याला पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, मिळालाय. वहिनीचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि आईने डिंक, खारीक, अळीव सगळं आणून डब्यांत भरून ठेवलं होतं. आजी-आजोबा नातवाला बघायला चाललेत, पेन्शन आणि घर इथेच आहे. यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

एजंटचं ऑफिस कॉलेज रोड भागात होतं. नाव लिहीत नाही, तक्रार दिलेली आहे. काचेची केबिन, भिंतीवर व्हिसा हातात धरलेल्या लोकांचे फोटो आणि मधोमध फ्रेम केलेलं एक सरकारी प्रमाणपत्र. ‘आम्ही सरकारमान्य आहोत’ म्हणून तो त्याकडे बोट दाखवायचा. ते प्रमाणपत्र म्हणजे गुमास्ता होतं, किराणा दुकानाला मिळतं तेच. त्याचा व्हिसाशी काडीचा संबंध नाही. कॅनडाच्या अर्जासाठी पैसे घेऊन कुणाचा प्रतिनिधी व्हायचं असेल, तर तिथला वकील किंवा परवानाधारक सल्लागार असावं लागतं. सल्लागारांची यादी त्यांच्या ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’च्या वेबसाइटवर कुणालाही फुकट बघता येते. याचं नाव तिथे नव्हतं.

दोघांचे मिळून त्याने एक लाख चाळीस हजार मागितले. अर्धे रोख, अर्धे कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. आता खरा हिशोब बघा. व्हिजिटर व्हिसाची फी माणशी 100 कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिकचे माणशी 85. दोघांचे झाले 370 डॉलर, म्हणजे वीस-पंचवीस हजार रुपये. बाकी सगळं त्याच्या खिशात.

बाबांनी पासबुक, पेन्शनची कागदपत्रं, फ्लॅटचं इंडेक्स टू, भावाचं निमंत्रणपत्र असं सगळं नीट फाइल लावून नेलं होतं. तो म्हणाला, ‘काका, एवढ्यावर होत नाही, मी फाइल स्ट्राँग करतो.’ बाबांनी लगेच विचारलं, म्हणजे काय करणार? तर म्हणे कव्हर लेटर चांगलं लिहितो. भरलेल्या अर्जाची प्रत बाबांनी मागितली, तेव्हा ‘सगळं आमच्या सिस्टीममध्ये आहे, ऑफिसची पॉलिसी आहे’ असं उत्तर मिळालं. ईमेल आयडीही त्याने स्वतःच काढला. ‘तुम्हाला वयोमानाने मेल बघायला जमणार नाही, काही आलं की मी कळवतो.’ रिटायर झालेल्या माणसाशी असं गोड बोलणाऱ्यापासून फार सावध राहा. आमच्या बाबतीत सगळा घात त्या एका ईमेलने केला.

आई-बाबा मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले. मग बरेच दिवस शांतता. त्यानंतर एका संध्याकाळी बाबांच्या व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट आला, ‘सॉरी काका, रिफ्यूज झालं, हल्ली सगळ्यांचंच होतंय. परत फाइल लावू, दुसऱ्या वेळी फी कमी घेईन.’ फोटोत पत्राचा फक्त वरचा भाग होता: नाव, तारीख आणि अर्ज मंजूर करू शकत नाही असं एक वाक्य. खालचा भाग कापलेला. भावाने पूर्ण पत्र मागितलं तर आज देतो, उद्या देतो.

बायोमेट्रिकला जाताना जे पत्र बरोबर न्यावं लागतं, ते बाबांनी जपून ठेवलं होतं. त्यावर अर्जाचा नंबर असतो. तो घेऊन आणि आई-बाबांच्या सहीचं संमतीपत्र जोडून भावाने तिथल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली अधिकाऱ्याच्या नोंदी मागवल्या. कॅनडात राहणाऱ्या कुणालाही हे करता येतं, फी फक्त 5 डॉलर. तुमचा व्हिसा नाकारला गेला असेल आणि कारण कळत नसेल तर हे आधी करा, मगच दुसरा अर्ज भरा.

त्या नोंदी वाचून आई रात्रभर झोपली नाही. आमची आई त्यात बुटीकची मालकीण होती. तिच्या नावाचं जीएसटी प्रमाणपत्र होतं, इन्कम टॅक्सची रिटर्न्स होती, वर्षाचं उत्पन्न लाखांत होतं. आईने आयुष्यात कधी रिटर्न भरलेलं नाही! बाबांच्या नावाने मोठ्या एफडीचं बँकेचं पत्र जोडलेलं होतं. अधिकाऱ्याने बँकेकडे चौकशी केली आणि असं पत्र आम्ही दिलेलंच नाही, असं बँकेने कळवलं.

पुढचं वाचून तर संताप येतो. अधिकाऱ्याने थेट बंदी घातलीच नव्हती. हे पत्र खोटं दिसतंय, तुमचं म्हणणं काय ते कळवा, म्हणून आधी विचारणा केली होती. कायद्याने तशी संधी देतात. ते पत्र एजंटच्या ईमेलवर गेलं. त्याने ते वाचलं, आम्हाला दाखवलं नाही आणि उत्तरही दिलं नाही. मुदत संपली. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 40 खाली दोघांना पाच वर्षं अपात्र ठरवलं. त्या कलमात ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ असे शब्द आहेत. म्हणजे कागद एजंटने लावला तरी जबाबदारी अर्जदाराची. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ या एका वाक्यावर सहसा सुटका होत नाही. अशा निर्णयाविरुद्ध तिथल्या फेडरल कोर्टात जाता येतं, पण परदेशातल्या प्रकरणात निर्णय कळल्यापासून 60 दिवसांची मुदत असते. म्हणून पूर्ण पत्र ताबडतोब हातात येणं इतकं महत्त्वाचं. भाऊ आता तिथल्या वकिलाशी बोलतोय. बाळ झालं, आई-बाबा त्याला व्हिडिओ कॉलवर बघतात.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा एजंटने हात वर केले. ‘सह्या तुमच्याच आहेत’ म्हणाला. आम्ही पोलिसांत फसवणूक आणि बनावट कागदपत्रांची लेखी तक्रार दिली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाणार आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नाही, दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

तुमचा अर्ज सध्या अशाच कुणाकडे असेल तर आजच जाऊन तीन गोष्टी मागा: भरलेल्या फॉर्मची पूर्ण प्रत, जोडलेला प्रत्येक कागद आणि अर्ज ज्या ईमेलवरून भरला त्याचा पासवर्ड. टाळाटाळ झाली तर थांबू नका. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर एक वेब फॉर्म आहे. अर्ज नंबर, पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख टाकून स्वतःच्या ईमेलवरून त्यांना थेट लिहिता येतं. निर्णय व्हायच्या आत खरं काय ते कळवा. आणि आम्ही गेलो त्याच ऑफिसात ज्यांनी पैसे भरलेत, त्यांनी व्हॉट्सॲपवरची बोलणी, पैसे पाठवल्याचे पुरावे आणि बायोमेट्रिकचं पत्र यातलं काहीही डिलीट न करता आपली तक्रारही नोंदवावी.