चूर्ण, कॅप्सूल आणि पथ्य: हळव्या कोठ्याचा चार महिन्यांचा ताळा

ज्या चूर्णाच्या डब्यावर ‘आतड्याला शांत करणारे’ असे ठळक अक्षरांत छापले होते, त्याच डब्याच्या मागे चिकोरीच्या मुळाचा अर्क, सोनामुखी आणि ज्येष्ठमध ही नावे बारीक अक्षरांत दिलेली होती. ती मी विकत घेण्याआधी वाचली असती, तर पंधरा दिवस पोटात गुबारा घेऊन वावरावे लागले नसते. उत्पादकाचे नाव मी येथे देत नाही, कारण याच मिश्रणाच्या जवळपास जाणारी अनेक चूर्णे वेगवेगळ्या वेष्टनांत मिळतात आणि दोष एकट्या त्या डब्याचा नाही.

माझे निदान आयबीएसचे, म्हणजे ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ या हळव्या आतड्याच्या विकाराचे आहे. आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखणे, हे तीन महिने चालू राहणे, आणि त्या दुखण्याचा शौचाशी किंवा शौचाच्या वेळा व स्वरूप बदलण्याशी संबंध असणे, अशी या विकाराचे निदान करण्याच्या २०१६ सालच्या ‘रोम-४’ या आंतरराष्ट्रीय निकषांची थोडक्यात मांडणी आहे. तक्रार सुरू होऊन सहा महिने उलटलेले असावेत, अशीही अट त्यात आहे. शौचातून रक्त जाणे, वजन आपोआप घटणे, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास यांपैकी काहीही असेल, तर पुढे लिहिलेल्या कोणत्याही उपायाआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे आवश्यक आहे.

आता चूर्णाविषयी. चिकोरीच्या मुळातून मिळणारे इन्युलिन हे फ्रुक्टन गटातील पिष्टमय द्रव्य लहान आतड्यात पचत नाही. ते जसेच्या तसे मोठ्या आतड्यात पोहोचते, तेथील जिवाणू ते आंबवतात आणि वायू तयार होतो. निरोगी माणसाला हा वायू फारसा जाणवत नाही, परंतु ज्याच्या आतड्यातील मज्जातंतू थोड्याशा ताणालाही वेदना मानतात, त्याचे पोट संध्याकाळपर्यंत नगाऱ्यासारखे फुगते. सोनामुखी हे आतड्याला चाळवणारे रेचक आहे. तिने सकाळी पोट साफ होते हे खरे, पण त्याआधी मुरडा येतो, आणि मुरड्यावरच उपाय शोधणाऱ्याला ती देणे म्हणजे आगीतून फुफाट्यात ढकलणे होय. ज्येष्ठमध अधिक मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो आणि पोटॅशियम घटू शकते, याचा डब्यावर उल्लेखही नव्हता. पाचपैकी एक गुण, तोही घटकांची यादी निदान छापलेली होती म्हणून.

याउलट पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलने माझा आदर मिळवला. मेंथॉल आतड्याच्या स्नायूंमधील कॅल्शियमचे मार्ग अडवते, त्यामुळे आवळून धरलेला स्नायू सैल होतो. अशा प्रकारे पेटके कमी करण्याचे काम ते नेमकेपणाने करते. मात्र कॅप्सूलवर जठरातील आम्लात न विरघळणारे आवरण असलेच पाहिजे. साधे तेल किंवा पेपरमिंटचा चहा जठरातच मोकळा होतो, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल करतो आणि छातीत जळजळ सुरू होते. माझ्या कॅप्सूलमध्ये ०.२ मिलीलिटर तेल होते आणि दिवसातून तीन वेळा, जेवणाआधी अर्धा ते एक तास, अख्खी गिळायची सूचना होती. दुसऱ्याच दिवशी घाईत ती दाताखाली फुटली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत नाक-घसा गार आणि तिखट एकाच वेळी झाला. ‘चावू नये’ या सूचनेला किती अर्थ आहे हे तेव्हा कळले. कधी कधी शौचाच्या वेळी गुदद्वाराशी तशीच गार जळजळ होते, ती निरुपद्रवी असली तरी प्रथम दचकवते. आम्लपित्तावरची गोळी तिच्यासोबत घेऊ नये, कारण आम्ल कमी झाल्यास आवरण वेळेआधीच विरघळते. वेदना दुसऱ्या आठवड्यापासून स्पष्टपणे कमी झाल्या, गुबारा थोडाच कमी झाला, आणि शौचाच्या अनियमिततेवर तिचा मला काहीही परिणाम दिसला नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीच्या २०२१ सालच्या मार्गदर्शक सूचनांत पेपरमिंट सुचवलेले आहे, मात्र त्यामागचा पुरावा कमी दर्जाचा असल्याचेही तेथेच नमूद आहे, आणि माझ्या अनुभवाचे वजन त्याहून अधिक नाही. चार गुण.

अनियमिततेचे काम इसबगोलाने केले. हा विरघळणारा तंतू पाणी शोषून बुळबुळीत होतो, त्यामुळे कडक शौच मऊ होते आणि पातळ शौच बांधले जाते. एकाच वस्तूचे दोन उलट उपयोग मला सुरुवातीला पटत नव्हते. तो फारसा आंबत नसल्याने वायूही कमी होतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच चाचणीत २७५ रुग्णांना १२ आठवडे रोज १० ग्रॅम इसबगोल, तितकाच गव्हाचा कोंडा किंवा निष्क्रिय पीठ देण्यात आले. इसबगोलाचा उपयोग दिसला, कोंड्याचा दिसला नाही, उलट त्रास वाढल्यामुळे अनेकांनी कोंडा मध्येच सोडला. ‘तंतू खा’ एवढाच सल्ला अपुरा का ठरतो, हे यावरून ध्यानात यावे. मी अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करून तीन आठवड्यांत मात्रा वाढवली. पेला भरून पाणी मात्र हवेच, नाहीतर तो घशातच फुगतो, आणि इतर औषधांपासून दोन तासांचे अंतरही ठेवावे. चवीला ओल्या पुठ्ठ्यासारखा असल्याने अर्धा गुण कापते.

पथ्याविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण त्याच्या नावाखाली सर्वांत अधिक चुका होतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेली ‘लो-फॉडमॅप’, म्हणजे नीट न शोषल्या जाणाऱ्या व आतड्यात आंबणाऱ्या शर्करा कमी करण्याची पद्धत तीन टप्प्यांची आहे: दोन ते सहा आठवडे फ्रुक्टन, लॅक्टोज (दुधातील साखर), जादा फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉलसारखे पदार्थ वर्ज्य करायचे, नंतर एकेक गट वाढत्या प्रमाणात परत आणून पाहायचा, आणि शेवटी आपल्यापुरते पथ्य ठरवायचे. बहुतेक लोक पहिल्या टप्प्यातच बरे वाटल्याने तेथेच थांबतात, आणि मग वर्षानुवर्षे कांदा, गहू, सफरचंद, डाळी सारेच सोडून निष्कारण कुपथ्याची भीती बाळगतात. मी आहारतज्ज्ञ बाईंच्या देखरेखीखाली दुसरा टप्पा पूर्ण केला, आणि माझ्या मते त्यांच्या सेवेचे खरे मोल त्यातच होते. दूध मला मुळीच बाधत नाही असे निघाले, तर सफरचंद आणि साखरविरहित च्युइंगम हे दोघेही दोषी ठरले. कांदा एक चमचा चालतो, अर्धा कांदा चालत नाही. लसणाची गोष्ट तर मजेदार आहे: त्यातील फ्रुक्टन पाण्यात उतरतात पण तेलात उतरत नाहीत, म्हणून अख्ख्या पाकळ्या तेलात लालसर परतून बाहेर काढल्या की स्वाद तेलात राहतो आणि त्रास पाकळ्यांबरोबर बाहेर जातो. हीच पाकळी आमटीत शिजवली तर मात्र उपयोग नाही. एक सूचना आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत दिली होती, ती सर्वांनाच लागू आहे: गहू सोडण्याआधी सीलिअॅक रोगाची (गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी करून घ्यावी, कारण ग्लूटेन बंद केल्यावर ती चाचणी विश्वासार्ह राहत नाही.

कोरफडीच्या रसाबद्दल मला वारंवार विचारले जाते. उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाईस संस्थेच्या आयबीएसविषयक सूचना कोरफड घेण्यास परावृत्त करतात. मी तो वापरलेला नाही आणि वापरण्याचा विचारही नाही. त्याच सूचनांतील साधे नियम, म्हणजे जेवणाच्या वेळा न चुकवणे आणि चहा-कॉफी तीन कपांपुरती ठेवणे, मला अनेक औषधांपेक्षा अधिक उपयोगी पडले, परंतु ते कोणी डब्यात भरून विकत नाही.

सध्या इसबगोल रोज, कॅप्सूल फक्त पोट बिघडलेल्या आठवड्यात, आणि चूर्णाचा तीन चतुर्थांश भरलेला डबा घराबाहेर गेलेला आहे. उघडलेले उत्पादन परत घेत नाही, असे विक्रेत्याचे उत्तर आले.