अंश सगळेच मिरवतात, छेद हा एकच तक्ता दाखवतो

अमेरिकेतल्या कुठल्याही विद्यापीठाचा फॅमिली स्टडीज विभाग बघा. माहितीपत्रकात आधी फोटो भेटतात: पदवीदानाचे झगे, परिषदेत पोस्टरशेजारी उभे विद्यार्थी, सत्कार झालेले माजी विद्यार्थी. यात खोटं काही नसतं. पण हे चार चेहरे किती जणांतून निवडले, ते कुठेच लिहिलेलं नसतं. अपवाद आहे मॅरेज अँड फॅमिली थेरपी, म्हणजे एमएफटीच्या मास्टर्सचा. सीओएएमएफटीई या आयोगाची मान्यता असलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाला ‘ग्रॅज्युएट अचीव्हमेंट डेटा’ नावाचा तक्ता जाहीर करावाच लागतो. परीक्षण त्या तक्त्याचं आहे. मत आधीच सांगून टाकतो: चीज उपयोगी आहे, पण तळटिपा न वाचता विसंबलात तर फसाल.

रचना चांगली आहे. प्रत्येक ओळ एका बॅचची, आणि बॅच धरली जाते ती प्रवेशाच्या वर्षावरून, पदवीच्या नव्हे. त्यामुळे मधेच सोडून गेलेले छेदातून गायब होत नाहीत. पूर्णवेळ आणि अर्धवेळ विद्यार्थ्यांचे रकाने वेगळे. पुढे चार आकडे: जाहीर केलेल्या मुदतीत पदवी घेतलेले, कमाल मुदतीत घेतलेले, नोकरीला लागलेले आणि थेरपी करण्याच्या लायसन्सची परीक्षा पास झालेले. अलीकडच्या ओळींत ‘आयपी’ (इन प्रोसेस) दिसलं तर घाबरू नका, त्या बॅचचं अजून चालू आहे.

खरी माहिती पहिल्या दोन रकान्यांमधल्या फरकात आहे. समजा, जाहीर मुदतीत 55 टक्के आणि कमाल मुदतीत 90. म्हणजे मुलं पास होतात, पण वेळेत नाही. अशा वेळी पहिला संशय क्लिनिकल तासांवर घ्यावा. आयोगाच्या निकषांच्या बाराव्या आवृत्तीनुसार किमान 300 तास प्रत्यक्ष थेरपी लागते आणि त्यातले 100 तास ‘रिलेशनल’ हवेत, म्हणजे जोडपं किंवा कुटुंब एकत्र समोर बसलेलं. शिवाय 100 तास सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टची देखरेख, त्यातले 50 रेकॉर्डिंग किंवा थेट निरीक्षणावर. एकट्याने येणारे क्लायंट सहज मिळतात. अडतं ते जोडप्यांपाशी: दोघांची वेळ जुळत नाही, एक येतो दुसरा येत नाही, आणि एकटाच आला तर तो तास रिलेशनलमध्ये धरता येत नाही. विभागाच्या क्लिनिकला जोडपी आणि कुटुंबं पुरत नसतील तर एक सेमिस्टर वाढतं. परदेशी विद्यार्थ्याला त्याचा अर्थ वाढीव फी, घरभाडं आणि विमा. शिकवणं कितीही चांगलं असो, हा फरक मोठा असेल तर दोन वर्षांचं बजेट अडीच वर्षांचं करूनच निघावं.

नोकरीचा रकाना सगळ्यात कच्चा. व्याख्या अशी की अभ्यासक्रमात शिकलेली कौशल्यं वापरणारी नोकरी हवी. किती तासांची, किती पगाराची, कायम की हंगामी, हे विचारलेलंच नाही. आकडाही बहुधा माजी विद्यार्थ्यांना पाठवलेल्या प्रश्नावलीतून येतो आणि प्रश्नावलीला उत्तर देण्याची हौस कोणाला असते, हे सांगायला नको. 100 टक्के दिसले की तळटीप उघडा: सगळ्या पदवीधरांपैकी, की उत्तर दिलेल्यांपैकी?

परीक्षेच्या रकान्यात आयोगाने 70 टक्क्यांची पट्टी ठरवली आहे. ही एएमएफटीआरबीची, म्हणजे राज्यांच्या लायसन्स मंडळांच्या संघटनेची, राष्ट्रीय परीक्षा: 180 प्रश्न, 4 तास. कॅलिफोर्नियात मात्र तिच्याऐवजी राज्याच्या परीक्षा असतात. इथे टक्केवारी बघण्याआधी बॅच केवढी ते बघा. आठ जणांच्या बॅचमध्ये एक माणूस म्हणजे 12.5 टक्के. पाच पास झाले तर 62.5, अभ्यासक्रम पट्टीखाली. सहा झाले तर 75, पट्टीवर. एकाची सकाळ वाईट गेली एवढाच फरक. म्हणून एका ओळीवर निवाडा करू नये. तीन-चार वर्षांची पास झालेली माणसं आणि एकूण माणसं वेगवेगळी जोडून मग भागाकार करावा. टक्क्यांची सरासरी काढणं ही नेहमीची चूक: 4 जणांच्या बॅचचे 100 आणि 20 जणांच्या बॅचचे 60 यांची सरासरी 80 येते, खरा आकडा मात्र 24 पैकी 16, म्हणजे 66.7. पीएचडीच्या अभ्यासक्रमांना हा रकाना भरायची सक्ती नाही, तेव्हा तिथे तो रिकामा दिसला तर संशय घेऊ नये.

आता तक्त्यातली मोठी उणीव, आणि पुण्या-मुंबईहून जाणाऱ्यांना तीच भोवते. परदेशी विद्यार्थ्यांचा वेगळा रकानाच नाही. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे आपल्या विषयात काम करण्याच्या परवानगीचे, 12 महिने मिळतात. एमएफटी स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांच्या, यादीत नसल्यामुळे 24 महिन्यांची मुदतवाढ नाही. कॅलिफोर्नियात लायसन्ससाठी सुपरव्हिजनखाली 3,000 तास आणि किमान 104 आठवडे लागतात. पदवीआधीचे जास्तीत जास्त 1,300 तास धरता येतात. उरले 1,700. ते ओपीटीच्या 52 आठवड्यांत बसवायचे तर एकही सुट्टी न घेता आठवड्याला साधारण 33 तास, आणि नोकरी शोधण्यात गेलेले दिवस धरले तर त्याहून जास्त. असोसिएट, म्हणजे लायसन्सआधीचा उमेदवार, म्हणून नोंदणीचा अर्ज पदवीनंतर 90 दिवसांत गेला नाही तर पदवी आणि नोंदणी यांच्या मधले तासही हातचे जातात. थोडक्यात, तक्त्यात समजा 85 टक्के दिसले, तरी ते तुमच्यासाठी 85 नसतात.

बाकीचे बिल्ले पटकन. सीएफएलई, म्हणजे सर्टिफाइड फॅमिली लाइफ एज्युकेटर, हे एनसीएफआर (नॅशनल कौन्सिल ऑन फॅमिली रिलेशन्स) या संस्थेचं प्रमाणपत्र दहा विषयक्षेत्रांवर बेतलेलं आहे आणि पालक-प्रशिक्षणाच्या कामात त्याला मान आहे. पण ते लायसन्स नव्हे, त्यावर थेरपी करता येत नाही. ‘आमचे इतके विद्यार्थी सीएफएलई’ असं वाचलं की त्यातले ‘प्रोव्हिजनल’ किती आणि पूर्ण किती ते विचारा. प्रोव्हिजनलमध्ये कामाचा अनुभव अजून मोजलेला नसतो. कप्पा ओमिक्रॉन नू या गुणवंत विद्यार्थ्यांच्या सोसायटीचं सदस्यत्व गुणांवर मिळतं आणि त्याला फी असते. बायोडेटाची एक ओळ, यापलीकडे काही नाही.

परत येणार असाल तर आणखी एक गोष्ट: अमेरिकन लायसन्स इथे आपोआप चालत नाही. कुटुंब न्यायालयातल्या विवाह समुपदेशकाच्या पदाकडे डोळा असेल, तर त्या जाहिरातीतल्या पात्रतेशी पदवीचं नाव जुळतं का, हे प्रवेशाआधीच तपासावं.

अर्ज करण्याआधी प्रोग्रॅम डायरेक्टरला ईमेल करून चार गोष्टी विचारा. मागच्या तीन बॅचमध्ये एफ-1 वर किती जण होते आणि त्यांतल्या किती जणांना लायसन्स मिळालं? रिलेशनल 100 तास पूर्ण व्हायला साधारण किती महिने लागले? नोकरीचा आकडा किती जणांच्या उत्तरांवर काढला? ज्या राज्यात काम करायचं आहे तिथे ही पदवी चालते का, हे लेखी मिळेल का? उत्तरात नुसते टक्के आले, तर पुन्हा लिहून माणसांची संख्या मागा.