१८६२ की १९१३? वेस्टर्नपटांचे दोन काळ

वेस्टर्न म्हटलं की घोडे, धूळ आणि पिस्तुलं आठवतात. साल सहसा कुणी विचारत नाही. मी आधी तेच शोधतो.

सर्जिओ लिओनेचा ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ १८६२च्या सुमारास घडतो. अमेरिकेत यादवी पेटलेली, जनरल सिबलीचं दक्षिणी सैन्य न्यू मेक्सिकोतून माघार घेतंय. पुरलेल्या सोन्याचा शोध त्या गोंधळामुळेच खरा वाटतो. तपशील मात्र घसरतो: नायकाच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये धातूची काडतुसं आहेत, आणि ती चालावीत म्हणून बदललेली रिव्हॉल्व्हरं युद्धानंतरची.

सॅम पेकिनपाचा ‘द वाइल्ड बंच’ थेट १९१३मध्ये. टेक्सासची सीमा, पलीकडे मेक्सिकन क्रांती. हुकूमशहा उएर्ताचं सरकारी सैन्य आणि त्याच्याशी लढणारा क्रांतिकारक पांचो व्हिया. मला हाच काळ जास्त भिडतो. घोड्यांच्या गर्दीत सरकारी सैन्यातल्या जनरलची मोटारगाडी येते आणि वय झालेले दरोडेखोर तिच्याकडे बघत राहतात. आपले दिवस सरले, हे त्यांना तिथेच कळतं. चूक इथेही आहेच, शेवटच्या चकमकीतली ब्राउनिंग मशीनगन १९१७ची आहे. पण त्या दृश्याची ताकद एवढी की ते साल मला खटकत नाही.