घोडे: बंदी की नियम?

फोंड्यात आमच्या प्राणिप्रेमी मंडळींत वाद रंगला: कत्तलीसाठी जिवंत घोड्यांची निर्यात बंदच करायची, की प्रवासाचे नियम कडक करायचे? कॅनडात सध्या नियमांवरच भिस्त आहे. तिथून घोडे विमानाने जपानला जातात, लाकडी पेट्यांत तीन-चार जण दाटीवाटीने उभे. 28 तासांपर्यंत दाणापाणी नसलं तरी ते नियमात बसतं! बंदीचं विधेयक 2024मध्ये खालच्या सभागृहात मंजूर झालं, पण सिनेटमध्ये रखडून बाद झालं. ब्रिटनने त्याच वर्षी सरळ बंदीचा कायदा केला. शर्यती आणि प्रजननासाठी घोडे पाठवायला तिथेही मुभा आहे, म्हणजे पळवाटेवर डोळा ठेवावाच लागणार. तरी मी बंदीच्याच बाजूचा. विमान उडाल्यावर नियम पाळले का, हे बघायला इन्स्पेक्टर थोडाच बरोबर जातो?