टेक्ससच्या परवाना-चाचणीला रिव्हॉल्व्हर न्यावे की पिस्तूल?

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही हातबंदूक जवळ बाळगता येते. तरीही हा परवाना इतर अनेक राज्यांत मानला जात असल्यामुळे तो काढणारे आजही आहेत. (एच-१बी व्हिसावरील मराठी मंडळींनी मात्र आधी संघराज्याचा कायदा पाहावा, कारण मोजके अपवाद सोडता त्यांना बंदूक बाळगण्यासच मनाई आहे.) ‘चाचणीला सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूलच (मुठीतल्या मॅगझिनमधून, म्हणजे काडतुसांच्या पेटीतून, पुढचे काडतूस आपोआप चढवणारी हातबंदूक) न्या’ हा जुना सल्ला मुळात कायद्यातून आला होता. २०१३ पर्यंत रिव्हॉल्व्हरवर (फिरत्या चक्रात काडतुसे भरण्याच्या हातबंदुकीवर) उत्तीर्ण झालेल्याला केवळ रिव्हॉल्व्हर बाळगता येई, तर पिस्तुलावर उत्तीर्ण झालेल्याला दोन्ही. तो भेद आता उरलेला नाही, त्यामुळे कोणते हत्यार हाताला सोपे जाते एवढेच पाहायचे.

चाचणीत ३ आणि ७ यार्डांवरून प्रत्येकी २० गोळ्या, तर १५ यार्डांवरून १० गोळ्या झाडायच्या असतात, आणि २५० पैकी १७५ गुण मिळवावे लागतात. एका वेळी सलग पाचपेक्षा जास्त गोळ्या झाडाव्या लागत नसल्याने पाच काडतुसांचे रिव्हॉल्व्हरही पुरते. मॅगझिनची क्षमता येथे निर्णायक नाही.

निर्णायक ठरतो तो चाप. स्मिथ अँड वेसन ६४२ सारख्या छोट्या रिव्हॉल्व्हरचा घोडा (काडतुसावर आघात घडवणारा मागचा भाग) आत झाकलेला असतो; तो अंगठ्याने आधी मागे ओढून ठेवता येत नाही, म्हणून प्रत्येक गोळीला चाप लांबवर आणि जोर लावून ओढावा लागतो. शिवाय वजन पौंडाहून कमी असल्यामुळे धक्का तळहातावर येतो आणि नवख्याचा हात तिसाव्या-चाळिसाव्या गोळीपर्यंत दुखू लागतो. १५ यार्डांची फेरी नेमकी त्यानंतर येते. अर्थात पहिल्या चाळीस गोळ्या मधल्या वर्तुळांत बसल्या, तर २०० गुण होऊन उमेदवार तेथेच उत्तीर्ण झालेला असतो, हे ध्यानात ठेवले की शेवटच्या फेरीची धास्ती उरत नाही. चार इंची नळीचे पोलादी रिव्हॉल्व्हर चालवायला सुखाचे असते, पण ते कपड्यांखाली लपवणे अवघड.

ग्लॉक १९ सारख्या मध्यम आकाराच्या ९ मिमी पिस्तुलाचा चाप दर वेळी सारखाच आणि बराच हलका लागतो, पकड पूर्ण मिळते, आणि सरावाची काडतुसेही सहसा रिव्हॉल्व्हरच्या .३८ काडतुसांपेक्षा स्वस्त पडतात. सिग पी३६५ हे छोटे पिस्तूल खिशात बाळगायला सोयीचे असले, तरी त्याच्या आखूड मुठीमुळे ते हातात अधिक उसळते. ‘रोज जे बाळगणार त्यावरच चाचणी द्या’ असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला सरावापुरता पटतो; चाचणीला मात्र मी मध्यम पिस्तूलच नेईन.

याला एक अपवाद आहे. बोटांत जोर नसलेल्यांना पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे खेचणे जड जाते, आणि मनगट सैल राहिले तर काडतूस मध्येच अडकू शकते. अशांनी स्लाइड हलकी असलेले स्मिथ अँड वेसनचे शील्ड ईझेड पिस्तूल प्रथम रिकामे हाताळून पाहावे, आणि तेही न जमल्यास जड बांधणीचे रिव्हॉल्व्हर निःसंकोच न्यावे.