इंग्लंडची लीग की अमेरिका? एका डावखुऱ्या फिरकीपटूचं मत

रणजीच्या संभाव्य यादीत नाव येतं, अंतिम संघात येत नाही आणि वय पंचविशीकडे सरकतंय. अशा वेळी परदेशाचा विचार मनात येतोच, आणि तो हल्ली दोनच ठिकाणी अडतो: इंग्लंडमधलं क्लब क्रिकेट किंवा अमेरिका. मी इंग्लंड निवडलं. त्याआधी अमेरिकेत नातेवाइकांकडे असताना तिथले क्लब सामने खेळून पाहिले होते.

कागदावर अमेरिका भारी. तीन वर्षं वास्तव्य झालं की आयसीसीच्या नियमानुसार देशाकडून खेळायला पात्र. सौरभ नेत्रावळकर आणि हरमीत सिंग, दोघंही मुंबईचे, २०२४चा टी-२० विश्वचषक अमेरिकेकडून खेळले. डॅलसला पाकिस्तानला हरवणारी सुपर ओव्हर सौरभनेच टाकली. पण सौरभ गेला तो कॉर्नेल विद्यापीठात शिकायला, क्रिकेट मागाहून आलं. उन्मुक्त चंद २०२१मध्ये भारतातली निवृत्ती घेऊन खास क्रिकेटसाठी गेला आणि त्या विश्वचषकाच्या संघात त्याचं नाव नव्हतं. मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतली टी-२० लीग, खेळायची तर बीसीसीआयच्या नियमामुळे भारतातली निवृत्ती घेऊन, परतीचे दोर कापूनच जावं लागतं.

इंग्लंडचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर, म्हणजे रणजीच्या आधी माणूस घरी. मुंबईतली पावसाळ्यातली कांगा लीग बुडते, एवढंच. एनओसी (इथल्या बोर्डाचं ना-हरकत पत्र), व्हिसासाठी क्लबची स्पॉन्सरशिप, ईसीबीची (इंग्लंडच्या बोर्डाची) मान्यता अशी कागदपत्रांची कटकट आहे. पैसेही बेताचे: राहायची सोय, थोडं मानधन आणि आठवडाभर क्लबच्या पोरांना कोचिंग. शनिवारी पाऊस आला की सगळा आठवडा पाण्यात. एप्रिलमध्ये बोटं अशी गारठतात की शिवण हाताला लागत नाही.

तरीही माझ्यापुरता निकाल लावला तो खेळपट्टीवरच्या मॅटने. अमेरिकेत मोठ्या लीगला टर्फ, म्हणजे मातीची-गवताची खेळपट्टी, मिळतं, पण शनिवार-रविवारचं बरंचसं क्लब क्रिकेट कृत्रिम मॅटवर चालतं. स्पाइक्स बॅगेत, पायात रबरी तळव्याचे बूट. चेंडू सोडताना पुढचा पाय रुतत नाही, त्यामुळे अंग वळवायलाच धीर होत नाही. चेंडू वळतो, उसळतोही, पण पहिल्या षटकात जेवढा तेवढाच शेवटच्या षटकात. बुटांनी उकरलेला खडबडीत भाग (रफ) नाही, फुटमार्क नाहीत. फलंदाजाला एकदा उसळीचा अंदाज आला की तो मागे सरून निवांत कट मारत बसतो. थोड्याच सामन्यांत मी फ्लाइट (चेंडूला उंची देणं) सोडून सपाट, जोरात टाकायला लागलो होतो. टी-२०ला तेच लागतं, असं कुणी म्हणेल. असेलही.

इंग्लंडमध्ये ऑगस्टमधल्या वापरलेल्या विकेटवर तिथला ड्यूक्स कंपनीचा चेंडू जरा वर सोडला की फलंदाज पुढे यायला कचरतो. विनू मंकड १९५२मध्ये इंग्लंडमधल्या हॅस्लिंग्डन क्लबचे प्रो (मानधनावरचे खेळाडू) असतानाच भारतीय संघात बोलावले गेले आणि लॉर्ड्स कसोटीत ७२ आणि १८४ करून, वर डावात पाच बळी घेऊन मोकळे झाले. आपली तेवढी लायकी नाही, पण लीगमध्ये हात बिघडत नाही एवढं नक्की.

हाती डिग्री असेल, फलंदाज असाल आणि तिकडे स्थायिक व्हायची मनाची तयारी असेल तर अमेरिका चुकीची म्हणवत नाही. फिरकीपटू असाल तर मानधनाच्या आधी एवढं विचारा: सामने टर्फवर की मॅटवर? आणि इंग्लंडचं ठरलंच, तर क्लबशी बोलणी दिवाळीनंतर लगेच सुरू करा, व्हिसाच्या कागदांना वेळ लागतो.