जीएसटी पोर्टलवरचं ‘सर्च टॅक्सपेअर’: पार्टी तपासायला पक्कं, फोन नंबरासाठी बेकार

नागपूरच्या इतवारीतल्या ठोकवाल्याचं बिल हातात आहे, त्यावरचा मोबाईल बंद आहे आणि माल परत करायचा आहे. अशा वेळी पोर्टल उघडलं तर पदरी काही पडत नाही, कारण लॉगिन न करता दिसणाऱ्या माहितीत फोन नंबर नसतोच. पार्टी खरी आहे का, चालू आहे का, रिटर्न भरते का, हे मात्र तिथे फुकटात दिसतं. पहिली ऑर्डर द्यायच्या आधी ते बघितलंच पाहिजे.

वापर सोपा आहे. ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये ‘सर्च बाय जीएसटीआयएन’ निवडा, बिलावरचा जीएसटी नंबर (जीएसटीआयएन) टाका, कॅप्चाचे आकडे भरा. अडतं ते नंबर टाकतानाच. पुसट शिक्क्यावर शून्य कुठलं आणि इंग्रजी ओ कुठला, ते कळत नाही आणि पोर्टल फक्त ‘नंबर चुकीचा’ म्हणून मोकळं होतं. खाने १५ असतात. पहिले दोन राज्याचे: महाराष्ट्र २७, छिंदवाड्याची पार्टी असेल तर २३, रायपूरचा लोखंडवाला असेल तर २२. पुढचे दहा म्हणजे पॅन. त्यामुळे तिसऱ्यापासून सातव्या खान्यापर्यंत अक्षरंच येणार, आठव्यापासून अकराव्यापर्यंत आकडेच, आणि बाराव्यात पुन्हा अक्षर. चौदाव्यात सहसा झेड असतो. म्हणजे शंका उरते ती तेराव्या आणि पंधराव्या खान्यापुरती.

सहावा खाना तर जरूर बघा. तिथे पी असेल तर पॅन एका व्यक्तीचा, एफ म्हणजे भागीदारी फर्म किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), सी म्हणजे कंपनी. पाटीवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि सहाव्या खान्यात पी, असं दिसलं तर ॲडव्हान्स देऊ नका.

निकालात ‘लीगल नेम’ आणि ‘ट्रेड नेम’ वेगळी दिसली म्हणून दचकायचं कारण नाही. एकट्याच्या मालकीच्या दुकानात लीगल नेम म्हणजे मालकाचं पॅनवरचं नाव आणि ट्रेड नेम म्हणजे पाटीवरचं. चेक किंवा एनईएफटी करताना खात्याचं नाव या दोनपैकी एकाशी जुळलं पाहिजे. ‘टॅक्सपेअर टाइप’मध्ये कंपोझिशन (छोट्या व्यापाऱ्यांची ठरावीक दराने कर भरायची योजना) लिहिलेलं असेल तर त्या दुकानदाराला बिलावर जीएसटी लावताच येत नाही. त्याने लावलाच असेल तर बिल परत करा.

खरी चीज आहे ‘शो फायलिंग टेबल’. हे बटण बरेच जण दाबतच नाहीत. जीएसटीआर-१ (विक्रीच्या तपशिलाचं रिटर्न) आणि ३-बी (कर भरायचं रिटर्न) कोणत्या महिन्याचं, कोणत्या तारखेला भरलं, ते इथे दिसतं. फक्त एक लक्षात ठेवा: पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्याला ३-बी तिमाहीने भरायची मुभा आहे. त्यामुळे जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च एवढ्याच नोंदी दिसल्या तर लगेच त्याला बुडवा ठरवू नका. एक भरलं आणि दुसरं नाही, असं वारंवार दिसत असेल तर मात्र सावध व्हा. पुरवठादाराने त्या आर्थिक वर्षाचं ३-बी वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० सप्टेंबरपर्यंत भरलं नाही तर आपण घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, ३० नोव्हेंबरपर्यंत रिव्हर्स करावं (परत फिरवावं) लागतं. जीएसटीचा नियम ३७-ए तसंच सांगतो.

नंबर रद्द दिसला तर तिथेच थांबू नका, ‘सर्च बाय पॅन’ करून बघा. त्याच पॅनवर दुसरी नोंदणी असेल तर ती स्टेटससकट समोर येते. पोर्टलवरचं मदतीचं पान कुठे क्लिक करायचं तेवढं नीट दाखवतं. निकालाचा अर्थ कसा लावायचा, ते सीएला विचारा.

उणिवा बऱ्याच आहेत. दुकानाचं नाव टाकून नंबर शोधता येत नाही. यादी एकदम तपासता येत नाही, दर नंबराला वेगळा कॅप्चा. मराठीचा पत्ता नाही. आणि मुख्य पत्ता म्हणून जे दिसतं ते मालकाचं नंदनवनातलं घरही असू शकतं; गोदाम वाडीला असेल तर ट्रकवाल्याला तो पत्ता देऊन काय उपयोग?

म्हणून संपर्काची यादी आपली आपणच एक्सेलमध्ये ठेवायची आणि तिची किल्ली, म्हणजे ज्यावरून नोंद शोधायची ती गोष्ट, जीएसटी नंबर करायची, पार्टीचं नाव नाही. अग्रवाल-अगरवाल अशा स्पेलिंगमध्ये नाव हरवतं. फोनचा कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर ०७१२ मधलं पहिलं शून्य उडतं. व्हीलुकअप (यादीतून नोंद शोधून आणणारं एक्सेलचं सूत्र) वापरताना शेवटी ‘फॉल्स’ लिहायला विसरलात तर सूत्र जवळपासची भलतीच पार्टी बिनदिक्कत दाखवतं. नंबर समोर असूनही ‘सापडत नाही’ येत असेल तर शेवटी चिकटलेली स्पेस काढा. वेबपानावरून कॉपी केलेल्या नंबरात कधी कधी १६० कोडची, साध्या स्पेससारखीच दिसणारी वेगळी स्पेस येते. ती एक्सेलच्या ट्रिम सूत्राने जात नाही, सब्स्टिट्यूट सूत्र वापरून काढावी लागते. शीटमध्ये ‘पोर्टलवर तपासल्याची तारीख’ असा एक कॉलम ठेवा आणि मोठं पेमेंट सोडण्याआधी ती जुनी झाली असेल तर पुन्हा तपासा.